वेळापत्रक सॉफ्टवेअरने केलं, पण तासिका आठवडाभर पसरत नाहीत

तासिकावाले

नमस्कार मंडळी. आमची अनुदानित मराठी माध्यमाची शाळा, पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या. सोमवार ते शुक्रवार रोज ८ तासिका, शनिवारी सकाळची शाळा आणि ५ तासिका. म्हणजे तुकडीला आठवड्याच्या ४५. आमच्या पर्यवेक्षक बाई इतकी वर्षं हे सगळं ड्रॉइंग शीटवर पेन्सिलने करायच्या. त्या मे महिन्यात निवृत्त झाल्या आणि वेळापत्रक माझ्याकडे आलं. फेट हे मोफत सॉफ्टवेअर घेतलंय. शिक्षक, विषय, तुकड्या सगळं देवनागरीतच भरलं, काही अडचण आली नाही.

अडचण पुढे आहे. नववी ब ला इतिहासाच्या ३ तासिका सोमवार, मंगळवार, बुधवार अशा लागून आल्या. गुरुवार ते शनिवार इतिहास नाहीच. भूगोलाचे सर दुसऱ्या शाळेतून समायोजनाने येतात, तेही सोम-मंगळ-बुधच, त्यामुळे नववी-दहावीचा भूगोलही आठवड्याच्या पहिल्या अर्ध्यात संपतो. आणि इंग्रजी रोज एक हवी म्हणून तशी अट टाकली, तर रात्रभर लॅपटॉप चालू ठेवूनही वेळापत्रक पूर्ण होत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे तांत्रिकदृष्ट्या सुटतं का? आणि तासिका पसरवण्याचा आग्रह नेमका किती धरावा? स्टाफरूममध्ये अर्ध्या लोकांचं म्हणणं आहे की तासिका झाल्याशी मतलब, कोणत्या वारी झाली याने काय फरक पडतो. मला फरक पडतो असं वाटतं.

मधली_सुट्टी

फरक पडतो. सोमवारी शिकवलेलं पुढच्या सोमवारी विचारलं की वर्ग कोरा असतो. वाचतेय.

फळाखडू

तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली बरीच वर्षं वेळापत्रकही केलं. हाताने करताना पहिला नियम असा होता: ज्या विषयाच्या कमी तासिका, तो आधी बसवायचा आणि दूर दूर बसवायचा. दोन तासिकांचा विषय असेल तर सोम-गुरु, मंगळ-शुक्र अशा जोड्या. गणित, इंग्रजी रोज असतात, त्यांना पसरवायचा प्रश्नच येत नाही. चित्रकला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण शेवटी उरलेल्या जागी जायचे, आणि हे चुकीचंच होतं, कारण त्या मुलांना वर्षभर चित्रकला शेवटच्या तासाला मिळायची.

पण सगळंच पसरवा असं म्हणू नका. प्रयोगाला जोड तासिका लागते. ३५ मिनिटांत मुलं प्रयोगशाळेत पोचून, गट करून, टायट्रेशनची मांडणी करेपर्यंत घंटा होते. विज्ञानाच्या तासिकांपैकी दोन सलग हव्यात, बाकीच्या पसरवा.

बीजगणित

@तासिकावाले, इतिहासाचं लगेच सुटेल. फेटमध्ये एकाच विषयाच्या तासिका तोडून भरताना 'मिन डेज बिटवीन ॲक्टिव्हिटीज' अशी अट आपोआप लागते. तिथे १ हा आकडा असतो. १ चा अर्थ एवढाच की दोन तासिका एकाच दिवशी नकोत. सोम-मंगळ-बुध या अटीत चोख बसतं, सॉफ्टवेअरने तुमचं म्हणणं तंतोतंत पाळलंय. तिथे २ करा, म्हणजे मध्ये किमान एक दिवस सोडावा लागेल.

मात्र २ सगळ्या विषयांना सरसकट लावू नका. सहा दिवसांतून ३ दिवस निवडायचे २० प्रकार आहेत. लागोपाठचे दिवस नकोत म्हटलं की त्यातले ४ च उरतात: सोम-बुध-शुक्र, सोम-बुध-शनि, सोम-गुरु-शनि, मंगळ-गुरु-शनि. चारपैकी तिघांत शनिवार आहे, हे लक्षात घ्या. शनिवारी तासिका मुळात ५. दोन तासिकांच्या विषयाला १५ पैकी १० प्रकार उरतात, तिथे भरपूर वाव आहे. चार तासिकांच्या विषयाला २ लावलंत तर सहा दिवसांत ते बसूच शकत नाही.

दुसरं, त्या अटीला टक्के असतात. मुळात ९५ असतात. ९५ म्हणजे जमेल तितकं पाळ, अगदीच अडलं तर सोडून पुढे जा. १०० म्हणजे काही झालं तरी मोडायचं नाही. तुम्ही इंग्रजीला १०० केलंय का?

तासिकावाले

हो, इंग्रजीला १०० केलंय. रोज एक म्हणजे रोज एक, असं मुख्याध्यापक बाईंचं म्हणणं आहे. इतिहासाला २ करून बघतो. आभारी आहे.

बीजगणित

मग इंग्रजीचे आकडे टाका. किती तुकड्या, किती शिक्षक, शनिवारी काय काय आहे. आकड्यांशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

पुणेरी_पालक

मी शिक्षक नाही, पालक आहे, तरी मध्ये बोलतो. तासिका पसरवल्या की दप्तरही पसरतं, याचा विचार कोणी करतंय का? सगळे विषय रोज थोडे थोडे म्हणजे सगळी पुस्तकं-वह्या रोज. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत असावं असं आहे. माझी सातवीतली मुलगी ३५ किलोची आहे, म्हणजे साडेतीन किलो. डबा, पाण्याची बाटली यातच एक किलो जातो. तिच्या वेळापत्रकात मंगळवारी आठही तासिकांना वेगळा विषय आहे. ती मंगळवारी कशी चालते ते मी गॅलरीतून बघतो.

मधली_सुट्टी

@पुणेरी_पालक, अगदी खरं. आमच्याकडे भाषा विषयांच्या निबंधवह्या शाळेतच ठेवतो. कपाट मागून घेतलं वर्गात. दप्तर हलकं करायचं म्हणून तासिका एका दिवशी कोंबू नयेत असं मला वाटतं, पण दिवसाला सहापेक्षा जास्त वेगळे विषय नकोत हे मान्य.

फळाखडू

जोड तासिका दिली की त्या दिवशी विषय आपोआप कमी होतात. विज्ञानाची जोड, चित्रकलेची जोड. दप्तराचाही प्रश्न हलका होतो.

राइनकाठ

जर्मनीतून लिहितेय, मुलगा सहावीत. इथे शाळांमध्ये उंटिस नावाचं ऑस्ट्रियातलं सॉफ्टवेअर खूप चालतं आणि पालकांना मोबाइलवर रोजचे बदल दिसतात: कोणते शिक्षक आज नाहीत, त्यांच्याऐवजी कोण, कोणता तास रद्द. जोड तासिका त्याच्या शाळेत अगदी सर्रास आहेत. दोन तासांचा विषय आठवड्यातून एकदाच, सलग. त्याचा फायदा दप्तराला होतो हे डोळ्यांनी दिसतं. तोटाही दिसतो. त्या एका दिवशी सुट्टी आली किंवा मास्तर आजारी पडले की विषय दोन आठवडे बंद. मध्यंतरी भूगोल असाच सुटला आणि मुलगा आधीचं सगळं विसरून बसला होता.

कोयनाकाठ

@राइनकाठ ताई, हाच मुद्दा मला मांडायचा होता. आपल्याकडे तर सोमवार आणि शनिवार सर्वांत जास्त बुडतात. शनिवारी आठवीपर्यंत 'आनंददायी शनिवार'चे उपक्रम, शिवाय स्पर्धा, सभा, आसपासच्या शाळांच्या केंद्राची बैठक. ज्या विषयाच्या दोनच तासिका आहेत त्यातली एक शनिवारी ठेवली, तर ती वर्षातून निम्मीच होते. मी वेळापत्रक करताना दोन तासिकांचा कोणताही विषय शनिवारी ठेवत नाही. सहा तासिकांच्या विषयाची एक बुडली तर चालतं, दोनातली एक बुडली तर विषय अर्धा होतो.

बीजगणित

@कोयनाकाठ, हे फार कामाचं आहे आणि सॉफ्टवेअरला सांगताही येतं. त्या तासिकांना 'प्रेफर्ड टाइम स्लॉट्स' द्यायचे, त्यात शनिवार वगळायचा.

मुळात पसरवण्याचा फायदा ही नुसती समजूत नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करण्याचे प्रयोग केले आणि १८८५ साली छापले. त्याचं निरीक्षण असं की तेवढीच उजळणी एका बैठकीत करण्यापेक्षा अंतर ठेवून केली तर जास्त टिकते. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत हे पुन्हा पुन्हा दिसून आलंय.

नंदुरबारी

तुमची चर्चा वाचून बरं वाटलं, पण आमच्यासारख्या द्विशिक्षकी शाळांचं काय? पहिली ते चौथी, आम्ही दोघे शिक्षक. माझ्याकडे तिसरी-चौथी एकाच खोलीत. मला कोणतं सॉफ्टवेअर वेळापत्रक करून देणार? तरी पसरवण्याचा प्रश्न मलाही आहेच. चौथीला मी समोर उभं राहून गणित शिकवतो तेव्हा तिसरीला लिखाण दिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी उलट. लक्ष ठेवलं नाही तर एका वर्गाला गणित सतत स्वयंअध्ययनाचंच मिळतं. म्हणून मी भिंतीवर एक तक्ता लावलाय. कोणत्या वर्गाला कोणता विषय आज मी स्वतः शिकवला, त्या घरात मुलंच रंगीत टिकली लावतात. आठवड्याच्या शेवटी एखादी ओळ रिकामी दिसली की मुलंच सांगतात, 'सर, आमचं गणित राहिलं.'

फळाखडू

@नंदुरबारी सर, टिकल्यांचा तक्ता फार आवडला. आमच्या बारा तुकड्यांच्या शाळेतही कोणी असा तक्ता ठेवला नव्हता.

गोंयकार

आमच्याकडे शाळा सकाळी भरते आणि दुपारी दीडच्या आसपास सुटते. तिथे पसरवण्यात खरी अडचण भाषांची. काही मुलं कोंकणी घेतात, काही मराठी. दोन्ही एकाच वेळी घ्यायला लागतात. त्या तासिका आधी बसवल्या की बाकीचं वेळापत्रक त्यांच्याभोवती फिरतं.

अनघा_ग

आमच्या आठवी ते दहावीत हेच. काही मुलं संपूर्ण संस्कृत, काही संयुक्त हिंदी-संस्कृत. सगळे गट एकाच तासाला. त्यातून संस्कृतच्या बाई एकट्याच. त्यांच्या तासिका सॉफ्टवेअर कायम सातव्या-आठव्या तासाला टाकतं. यावर उपाय आहे का?

तासिकावाले

इतिहासाला २ केलं आणि नववी ब चा इतिहास सोम-बुध-शुक्र आला. दहावीचा एक तुकडीचा सोम-गुरु-शनि. वर्गात जाऊन मुलांना सांगितलं तर त्यांना काही विशेष वाटलं नाही, पण इतिहासाच्या बाईंना फार आनंद झाला.

इंग्रजीचे आकडे: एक बाई, ५ तुकड्या, प्रत्येकी ६ तासिका, म्हणजे ३०. दुसऱ्या शिक्षकांकडे उरलेल्या तुकड्या, तिथे अडचण येत नाही. शनिवारी ५ तासिका, त्यातली शेवटची सगळ्या शाळेची सामुदायिक कवायत.

बीजगणित

सापडलं.

६ तासिका, ६ दिवस, रोज एक आणि १०० टक्के. म्हणजे प्रत्येक तुकडीला शनिवारी एक इंग्रजी हवीच. बाईंकडे पाच तुकड्या. कवायत सोडून शनिवारी शिकवायला उरतात ४ तासिका. चार खुर्च्यांवर पाच माणसं बसवायला सांगताय. रात्रभर काय, वर्षभर लॅपटॉप चालला तरी होणार नाही. फेट अडकतं तेव्हा 'डिफिकल्ट ॲक्टिव्हिटीज'ची यादी दाखवतं, ती उघडून बघा. त्यात बाईंच्याच तासिका दिसतील.

ज्यांना थोडं खोलात जायचंय त्यांच्यासाठी: शिक्षक कोणत्याही वेळी मोकळे असतील आणि नुसतं 'कोणी कोणाला किती तास शिकवायचं' एवढंच असेल, तर हा प्रश्न सोपा आहे. त्याचं गणित डेनेश कोनिग या हंगेरियन गणितज्ञाने १९१६ सालीच सोडवलेलं आहे. पण शिक्षक अमुक वेळीच उपलब्ध आहेत हे आलं की तो अत्यंत अवघड प्रश्नांच्या वर्गात जातो. इव्हन, इताई आणि शमीर या तिघांनी १९७६ साली हे सिद्ध केलं. म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर सगळ्या शक्यता तपासत बसत नाही. रोमानियाच्या लिविउ लालेस्कु यांचं हे फेट अवघड तासिका आधी बसवतं, जागा नसेल तर कुणाला तरी उठवतं, उठवलेल्याला दुसरीकडे बसवायला बघतं. निवृत्त झालेल्या तुमच्या पर्यवेक्षक बाई पेन्सिल आणि खोडरबर घेऊन हेच करत होत्या.

फळाखडू

शेवटचं वाक्य त्या बाईंना नक्की वाचून दाखवा.

कोयनाकाठ

मग इंग्रजीचं आता काय करणार? ९५ टक्के करून टाकायचं?

बीजगणित

९५ केलं तर वेळापत्रक होईल. पण कोणत्या तुकडीला कोणत्या दिवशी दोन इंग्रजी येतील हे नशिबावर जाईल, आणि कदाचित एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी अट मोडलेली असेल. माझं मत असं की सूट कुठे द्यायची ते माणसाने ठरवावं. एक तुकडी निवडा, तिला शनिवारी इंग्रजी नको. तिची सहावी तासिका आठवड्यात मधल्या एखाद्या दिवशी जोड म्हणून द्या. बाकी चार तुकड्यांना १०० टक्के राहू द्या.

मधली_सुट्टी

आणि ती जोड तासिका वाया जाऊ देऊ नका. इंग्रजीच्या निबंध-पत्रलेखनाला सलग वेळ मिळतच नाही. मुलं मुद्दे काढेपर्यंत तास संपतो, लिहायचं घरी राहतं आणि घरी गाइडमधून उतरवून आणतात. सत्तर मिनिटं मिळाली तर ती समोर बसून स्वतः लिहितील. मी तर म्हणते सत्र बदललं की तुकडीही बदला, म्हणजे दोन तुकड्यांना तो लाभ होईल.

सकाळची_पाळी

मला एक वेगळं विचारायचंय. हे सगळं मुलांसाठी पसरवताय, शिक्षकांचं काय? आमच्याकडे गेल्या वर्षी सगळं इतकं पसरवलं की माझ्या रोज दोन ऑफ, म्हणजे मोकळ्या, तासिका आल्या, पण कधी दुसरा आणि सातवा, कधी चौथा आणि आठवा. सलग वेळ एकही नाही. वह्या तपासायच्या कधी? शिवाय ऑफ दिसली की बदली तासिका लागते. शिक्षण हक्क कायद्यातही शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरताना तयारीचे तास त्यातच धरलेले आहेत. ते तास कागदावर आहेत, वेळापत्रकात नाहीत.

फळाखडू

बाई, तुमची तक्रार रास्त आहे. पण क्रम ठरवायला लागतो. मी असा लावायचो: आधी मुलांच्या तासिकांचं अंतर, मग अवघड विषय शेवटच्या तासाला सतत न येणं, मग शिक्षकांची सोय. शिक्षकांच्या सोयीतही आधी लांबून येणारे, मग बाकीचे. हा क्रम जूनमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवला की भांडणं निम्मी होतात. नाहीतर जो मोठ्याने बोलतो त्याला शनिवारी पहिला तास मोकळा मिळतो.

सकाळची_पाळी

क्रम मान्य. पण सलग ऑफ आठवड्यातून एकदा तरी मिळावी, ही मागणी सोडत नाही.

बीजगणित

@सकाळची_पाळी, ती मागणी मोठी नाही. आठवड्यातून एकदा सलग दोन, एवढंच असेल तर त्या शिक्षकांना एका ठरावीक दिवशी त्या दोन तासांना 'नॉट अव्हेलेबल' करायचं. सगळ्यांना एकाच दिवशी देऊ नका, दिवस वाटून द्या.

कोयनाकाठ

भूगोलाच्या सरांचं राहिलं. सोम-मंगळ-बुध येत असतील आणि दोनच तासिका असतील, तर अंतर ठेवून बसणारी एकच जोडी आहे, सोम-बुध. चार तुकड्या म्हणजे सोमवारी ४, बुधवारी ४ आणि मंगळवारी सर रिकामे. तुमच्याकडेही वाया, त्यांच्या मूळ शाळेतही वाया. हे सॉफ्टवेअरमध्ये सुटणार नाही. दोन्ही मुख्याध्यापकांनी फोनवर बोलावं. सर सोम-बुध-शुक्र आले तर दोन्ही शाळांचं भलं होईल, कारण त्यांच्या मूळ शाळेतही भूगोल गुरु-शुक्र-शनि असा कोंबलेला असणार.

तासिकावाले

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बरंच मार्गी लागलंय, सांगतो.

मुख्याध्यापक बाईंना शनिवारचं गणित फळ्यावर मांडून दाखवलं. पाच तुकड्या आणि चार घरं. त्यांनी लगेच मान्य केलं आणि आठवी ब ची जोड तासिका बुधवारी तिसऱ्या-चौथ्या तासाला दिली, लेखनासाठीच. ते भरल्यावर फेटने पूर्ण वेळापत्रक काही मिनिटांत काढून दिलं. दुसऱ्या सत्रात जोड नववी अ ला जाईल.

भूगोलासाठी दोन्ही शाळांचं बोलणं झालं. शुक्रवार जमला नाही, त्या दिवशी तिकडे त्यांची जोड तासिका आहे. सोम-बुध-गुरु ठरलंय. म्हणजे दोन तुकड्यांना सोम-बुध आणि दोघांना सोम-गुरु. सोमवार बुडला तर चारही तुकड्यांचा भूगोल बुडतो, हे मला अजून खटकतं. दिवाळीनंतर पुन्हा विषय काढणार आहे.

दोन तासिकांचे सगळे विषय शनिवारमधून काढले, कोयनाकाठ यांच्या सांगण्यावरून. चित्रकला शेवटच्या तासाला वर्षभर एकाच तुकडीला येऊ नये म्हणून तीही अट घातली. स्टाफरूममध्ये जे म्हणत होते की कोणत्याही वारी झाली तरी काय फरक, त्यांच्यापैकी एक सर काल स्वतःहून हिंदीच्या तासिकांचं अंतर तपासत बसले होते.

पुणेरी_पालक

दिवसाला किती विषय आले?

तासिकावाले

पाचवी ते सातवीला जास्तीत जास्त सहा. आठवीच्या पुढे दोन दिवस सात येतात, ते अजून कमी झालेले नाहीत. निबंधवह्या शाळेत ठेवायला कपाट मागितलंय.

अनघा_ग

माझ्या संस्कृतचं विसरलात सगळे.

बीजगणित

@अनघा_ग ताई, विसरलो नाही. गटांच्या सगळ्या तासिकांना तुम्ही 'सेम स्टार्टिंग टाइम' दिलेलं असणार, ते बरोबरच आहे. फक्त त्यातल्या एका गटाच्या तासिकांना 'प्रेफर्ड टाइम स्लॉट्स' देऊन पहिले सहा तासच मोकळे ठेवा, बाकीचे गट त्यांच्यामागून आपोआप येतील. पण आधी मोजा: बाई एकट्या, इयत्ता तीन, प्रत्येक इयत्तेला आठवड्याच्या किती तासिका, आणि त्या वेळी हिंदीचे शिक्षक किती लागतात. शेवटचे दोन तास बंद केल्यावर हिंदीवाल्यांना तेवढी जागा उरते का ते बघायला हवं. फाइल पाठवा, शनिवारी दुपारी मी मोकळा आहे.

अनघा_ग

इयत्तेला ४ तासिका, हिंदीचे शिक्षक दोन. आठवीच्या तीन तुकड्या एकत्र बसतात. फाइल रात्री पाठवते.